वाणात दिलेलं इंटरनेट

आमचे जावई पीयूषराव नेटवर्किंगमधले आहेत, असं माझी नणंद रिया लग्न ठरल्यापासून सांगत आली आहे. कसल्या नेटवर्किंगमधले, ते विचारायचं नाही. मी एकदा विचारलं, तर बाईसाहेबांनी दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. बोरिवलीला कुठल्याशा ऑफिसात हा माणूस दिवसभर खुर्चीत बसतो, मग गाडीत बसतो, मग घरी येऊन सोफ्यावर बसतो. पस्तिशी उलटली. बसण्यापलीकडे त्याला काही करताना मी तरी पाहिलेलं नाही.

मी जयश्री. डहाणूजवळ सरावलीत आमची चिकूची वाडी आहे, त्या घरची सून. लग्नाआधी एमएससीआयटी केलं होतं, आणि माहेराहून भावाचा जुना लॅपटॉप आणला होता. त्यावर मी आजूबाजूच्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. दाखले, शिष्यवृत्त्या, परीक्षा. घरात ह्याला काम म्हणत नाहीत. सासूबाई म्हणतात, 'जयश्रीची टिकटिक चाललीय.'

२०१८ साली अधिक महिना आला मे-जूनमध्ये. आता अधिक महिना म्हणजे आमच्याकडे जावयांचा पोळाच. बैलाला निदान वर्षभर राबल्यावर सजवतात. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं. हे सगळीकडे असतं. पण आमच्या सासूबाईंनी, आनंदीबाईंनी, त्यात स्वतःची एक भर घातली आहे. त्या दिवशी जावयाला जी वस्तू आवडेल तिला त्या हळदकुंकू लावतात. एकदा हळदकुंकू लागलं की ती वस्तू वाणातली. जावई उंबरा ओलांडून परत जाईपर्यंत घरातल्या कोणी तिला हात लावायचा नाही. त्याच्या आधीच्या अधिकात टेबलफॅनला लावलं होतं. दिवसभर पंखा पीयूषरावांच्या तोंडावर, आणि आम्ही बाकीचे घामाने थबथबलेले. माझे यजमान दिपक पदराने वारा घालून घ्यायला माझ्याजवळ येऊन बसले होते. आईला 'पंखा जरा फिरव' म्हणायची ह्या माणसाची हिंमत नाही.

तर त्या रविवारी पीयूषराव आले. कपड्यांची पिशवी रियाच्या हातात, पोराला काखेत घेतलेलं, तेही रियानेच. ह्यांच्या हातात काय? एक पांढरा डबा. गेम खेळायचा डबा! ऑफिसातल्या कोणीतरी नवीन घेतला म्हणून त्याचा जुना ह्यांनी आणला होता. दुपारी दोनला म्हणे ह्यांच्या लीगची सेमीफायनल होती. मला वाटलं खरंच कुठे खेळायला जायचंय की काय. नाही हो. सहा बाप्ये सहा घरांत सोफ्यावर बसून टीव्हीतल्या माणसांना पळवणार, त्याची सेमीफायनल.

"वहिनी, वायफाय आहे ना इकडे?" आल्या आल्या विचारलं. पाणी नाही, सासऱ्यांच्या फोटोला नमस्कार नाही.

वायफाय आहे. पण त्याचं यंत्र अंगणापलीकडे, चिकू भरायच्या शेडमध्ये. हवेतून हॉलपर्यंत येतं. आणि ह्यांच्या डब्याचं मॉडेल इतकं जुनं, की त्याला हवेतलं पकडताच येत नाही. त्याला वायर लागते. वायर ह्यांनी आणली होती दीड हात. निळी, गुंडाळून रबर लावलेली. शेडमध्ये टीव्ही नेऊन खेळा म्हटलं, तर क्रेटच्या वासाने साहेबांचं डोकं दुखतं.

"मग तुमच्या लॅपटॉपवरून शेअर करतो," म्हणाले. "तुम्हाला नाही कळणार, नेटवर्किंगचा भाग आहे."

मी म्हटलं करा. आणि पदर खोचून धोंडे लाटायला गेले. एक तास गेला. बाराचे सव्वाबारा, साडेबारा. पुरण तयार, तेल तापलेलं, आणि जावई जेवायला उठेनात. डबा लागत नाही म्हणून तोंड सुजलेलं. रिया तीनदा स्वयंपाकघरात येऊन 'त्यांचा मूड गेलाय' सांगून गेली. सासूबाईंचा जीव वरखाली. शेवटी मीच हात धुऊन बाहेर आले.

बघते तर काय! गोष्ट साधी आहे. लॅपटॉप वायफाय पकडतो, त्याला सांगायचं की बाबा, तुला मिळतंय ते वायरीतून ह्या डब्यालाही दे. कंट्रोल पॅनलमध्ये जायचं, वायफायच्या चित्रावर उजवं क्लिक करायचं आणि शेअरिंगच्या चौकोनात खूण करायची. ह्या नेटवर्किंगमधल्या महापुरुषाने खूण केली होती वायरीच्या चित्रावर. म्हणजे डब्याने लॅपटॉपला इंटरनेट द्यावं, असा हुकूम सोडून तासभर वाट बघत बसले होते. जन्मभर दुसऱ्याकडून घेतच आलेल्या माणसाला देणारा कोण आणि घेणारा कोण एवढंही कळू नये!

मी खूण इकडची काढून तिकडे केली, झाकण मिटलं तरी चालू राहील असं केलं आणि झाकण लावलं. डब्याचा दिवा हिरवा झाला. पाच मिनिटं लागली नाहीत.

"तेच मी आता करणार होतो," पीयूषराव म्हणाले.

जेवणं झाली. नऊ धोंडे खाल्ले, तूप वेगळं. मग सासूबाई वाणाचं ताट घेऊन हॉलमध्ये आल्या. तेहेतीस अनारसे, दिवा, शर्टाचं कापड. पीयूषराव सोफ्यावर मांडी घालून, हातात ते खेळायचं बटणांचं कडबोळं घेऊन बसलेले. ओवाळून घ्यायला मानसुद्धा वळवली नाही, टीव्हीकडेच बघत कपाळ पुढे केलं.

सासूबाईंनी लॅपटॉपकडे बोट दाखवून रियाला विचारलं, "हे काय गं?"

"ह्यातूनच त्यांना इंटरनेट मिळतंय ना आई. म्हणून तर खूश आहेत."

झालं! सासूबाईंनी बोटं करंड्यात बुडवली आणि माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर ठसठशीत हळदकुंकू ओढलं. वर अक्षता. तुळशीचं पान. "पीयूषराव, आजच्या दिवस हे इंटरनेट तुम्हाला वाण दिलं हो."

"थँक्यू मम्मी," पीयूषराव म्हणाले. अनारसा तोंडात होता.

मी घड्याळाकडे बघितलं. कारण दोन वाजता रूपी यायची होती.

रूपी म्हणजे सुकीची मुलगी, उधवा गावची. सुकी हंगामात आमच्या वाडीवर चिकू निवडायला येते, बारा-तेरा वर्षं झाली. रूपी तिच्याबरोबर यायची तेव्हा शेडच्या कोपऱ्यात अभ्यास करत बसायची. तलासरीला वसतिगृहात राहून बारावी सायन्स झाली, एकाहत्तर टक्के. तिला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्म अर्धा भरून माझ्या लॅपटॉपमध्ये होता, बाकीचे कागदही त्यातच. जातीचा दाखला तेवढा शुक्रवारी हातात पडला. शनिवारी तलासरीत नेटच्या दुकानात गेली, तर तिथे नेट बंद. आणि फॉर्मची मुदत होती रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत. पाचनंतर साइट बंद. हुकला तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की घरी बसलेल्या मुलीचं काय होतं ते मला माहीत आहे. ऊसतोड नाही, पण वीटभट्टी आहेच की, आणि लग्न आहे.

पोरगी जीप आणि एसटी करून पावणेदोनलाच दारात हजर. प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखला, तो परत वहीत घालून. मी तिला ओटीवर बसवलं, पाणी दिलं. फोनवर दाखल्याचा फोटो काढून ठेवला. म्हटलं दहा मिनिटांचं काम आहे.

मी हॉलमध्ये गेले. "पीयूषराव, जरा दहा मिनिटं लॅपटॉप लागेल. एका मुलीचा फॉर्म आहे, आज शेवटचा दिवस."

"वहिनी, आत्ताच मॅच सुरू झाली. अर्धा तास द्या."

"बरं, मग तुमचं चालू दे. मी बाजूला फॉर्म उघडते."

"अहो नाही नाही! तुम्ही काही उघडलं की इकडे लॅग होतं. हात पण लावू नका."

हात लावायची सोयच नव्हती. सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. "जयश्री, हळदकुंकू दिसत नाही का तुला?"

अर्धा तास गेला. मी फोनवर साइट उघडून बघितली. पान उघडलं, पण कागद चढवायचं बटण फोनवर दिसेचना. डहाणू रोडला जावं म्हटलं तर दुपारची दुकानं बंद, त्यात रविवार. तीन वाजले. पीयूषराव सेमीफायनल हरले. मला वाटलं सुटलो! तर आता म्हणे चारला तिसऱ्या नंबरासाठी मॅच आहे, तोवर सराव. अहो, सहा जणांत तिसरा नंबर! हरलेला माणूस तोंड लपवतो. हा चहा मागत होता.

मी शेडमध्ये दिपकना गाठलं. "तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचे मेहुणे आहेत."

"आज अधिकाचा दिवस आहे गं," दिपक म्हणाले. "उगाच कशाला."

"रूपीचं वर्ष जाईल."

"पाचपर्यंत आहे ना? होईल." आणि क्रेट मोजायला लागले. जूनमध्ये कसले आलेत क्रेट? रिकामे क्रेट मोजत होता हा माणूस.

साडेतीनला मी परत विनवलं. पीयूषरावांनी ऐकलं नाही असं दाखवलं. रिया म्हणाली, "वहिनी, वर्षातून एक दिवस ते रिलॅक्स होतात." मी पीयूषरावांचा रिकामा कप उचलून आत गेले. काय बोलणार? तोंडाची वाफ दवडायची.

आता मला विचाराल, की एवढी तावातावाने बोलतेस तर तू का नाही उचललास लॅपटॉप? तुझाच ना? माझाच. माहेरचा. चार पावलांवर. मी दोनदा हॉलच्या दारापर्यंत गेले आणि दोनदा त्या हळदकुंकवाकडे बघून परत फिरले. देवाची भीती म्हणाल तर नाही. सासूबाईंच्या तोंडाची. संध्याकाळी मिळणाऱ्या टोमण्यांची. सोळा वर्षं त्या टोमण्यांना मी मनातल्या मनात उत्तरं देत आले आहे. मोठ्याने एकही नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी रूपी ओटीवरून उठली. इतका वेळ ती पिशवी पोटाशी धरून घड्याळ बघत होती, बस.

"ताई, त्यांना कोनी सांगत का नाय?"

"जावई आहेत गं आमचे. आज त्यांना नाही म्हणायचं नसतं. वाणात दिलंय, घरातल्या कोणी हात लावायचा नाही."

तिने जरा विचार केला. मग म्हणाली, "पन मी तुमच्या घरातली नाय."

मी हॉलच्या दाराकडे बघितलं.

"वायर कंची काढायची?" तिने विचारलं.

हॉलमधून टीव्हीतल्या लोकांचा गलका येत होता. सासूबाई देवघरात होत्या. मी इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हटलं, "निळी."

रूपी हॉलमध्ये गेली. चप्पल दारात व्यवस्थित काढून गेली. टीव्हीच्या पुढून, पीयूषरावांच्या नजरेच्या बरोबर मधून गेली, निळी वायर उपटली, लॅपटॉप चार्जरसकट काखेत मारला आणि बाहेर आली. धावली नाही. तुळशीचं पान खाली पडलं, ते उचलून तिने टीपॉयवर ठेवलं.

"ए! ए, काय करतेस? कोण आहे ही?" पीयूषराव ओरडले, पण सोफ्यावरून उठले मात्र नाहीत. तेवढ्यातही उठले नाहीत!

ओटीवर मी लॅपटॉप उघडला. दाखला चढवला. साइट फिरत राहिली. रूपीच्या मोबाइलवर ओटीपीचा आकडा आला, तो तिने वाचून दाखवला, मी चुकीचा टाकला, परत मागवला. आत रियाचा आवाज, सासूबाईंचा आवाज, पीयूषरावांचा सगळ्यात मोठा. चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी पडद्यावर अर्जाचा क्रमांक आला. रूपीने तो वहीत दोनदा लिहून घेतला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तिच्या नाही. ती हसली.

मग सगळे ओटीवर आले. पीयूषरावांच्या हातात त्यांचा डबा, पायांत बूट. वाणाचं ताट आत तसंच. जावई रुसून निघाला होता, अधिक महिन्यात, दिवेलागणीच्या आधी. सासूबाई रडायच्या बेतात होत्या.

"ह्या घरात माझी काय किंमत आहे ते कळलं," पीयूषराव म्हणाले. "कामवालीची मुलगी येऊन माझी मॅच बंद करते. हिला वायर कुठली ते कळतं? हिला कोणीतरी शिकवलंय."

तासभर स्वतःला वायर कळली नाही, पण हे बरोबर कळलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दिपकसुद्धा. सासूबाई माझ्या समोर आल्या.

"जयश्री, तू सांगितलंस हिला?"

किती सोपं होतं. हो म्हणायचं. लॅपटॉप माझा, फॉर्म मी भरला, हो, मी सांगितलं, जा. आख्ख्या दुपारभर ह्या सगळ्यांना मनात शिव्या घातल्या होत्या, त्यातली एक तरी बाहेर काढायची.

"नाही," मी म्हटलं. "मी कशाला सांगू?"

रूपीने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग सासूबाईंना म्हणाली, "ताईंनी नाय सांगितलं. मीच काढली." वही पिशवीत घातली, चप्पल घातली आणि पाचची एसटी धरायला निघून गेली.

पीयूषरावांचा रुसवा किती टिकला सांगू? आठ दिवस. दिवाळीला आले ते नवीन डबा घेऊन. त्यात वायफाय आतच आहे. सासूबाईंनी पाठवलेल्या पैशातून घेतला, हे रियाने कौतुकाने सांगितलं. सोफ्याला आता त्यांच्या आकाराचा खड्डा पडला आहे.

दिवाळी झाली, चिकूचा हंगाम लागला. निवडायला बायका बोलवायच्या तर त्यांना फोन मी करते. सासूबाई नावं सांगत होत्या, मी नंबर लावत होते. बायजी, हिरू, सगळी झाली. "सुकीला नको," सासूबाई म्हणाल्या. मी बरं म्हटलं.

चार दिवसांनी सुकीचाच फोन आला. "ताई, यंदा बोलावनं नाय आलं?"

मी शेडच्या दारात उभी होते. माझ्या समोर ढीगच्या ढीग चिकू पडले होते आणि निवडायला हात कमी पडत होते.

"यंदा माल कमी आहे गं सुकी," मी म्हटलं.

"असं काय. बरं, बरं," सुकी म्हणाली. तिला खरंच वाटलं. "ताई, रूपीला नंबर लागला हां. होस्टेलला गेली. सगल्यांना सांगते, आमच्या ताईंनी भरून दिला फारम."

मी हो का म्हटलं आणि फोन ठेवला.